गाण्यामागची खोली

१

प्रेम राठोड सिमेंटच्या कारखान्यात लागला त्याच्या आधी लग्नसराईत साउंड सर्व्हिस चालवायचा. झरी जामणीकडच्या गावांपासून पलीकडे तेलंगणाच्या हद्दीपर्यंत त्याचे स्पीकर वाजत. नोकरी लागली तसे स्पीकर विकले गेले, अँप्लिफायर मेव्हण्यानं नेला आणि घरात उरली एक हार्ड डिस्क. तिच्यात काय नव्हतं? सिनेमाची जुनी गाणी, कव्वाल्या, बंजाऱ्यांच्या होळीच्या लेंगी, ढेमसा नाचाची वाजवणी, तेलुगू गाणी, काकड्याची भजनं, कुणाच्या तरी वरातीतला बँड, इंग्रजी डिस्को, आणि एक साबणाची जाहिरात, तीही अर्धीच. गिऱ्हाईक जे मागेल ते प्रेमनं भरत नेलं होतं. नावं चुकीची, क्रम कसलाच नाही.

ती सगळी गाणी रंजितानं, म्हणजे प्रेमच्या बायकोनं, आपल्या फोनमध्ये भरून घेतली. मुकुटबनला त्यांचं घर. पुढे दोन खोल्या, मग अंगण, आणि अंगणापलीकडे एक सुटी खोली. त्या मागच्या खोलीत रंजिता ब्लाऊज शिवायची. सकाळी प्रेम डबा घेऊन ड्युटीवर गेला की चहाचा दुसरा कप घेऊन ती मशीनसमोर बसायची आणि फोनवर शफल दाबायची. पहिलं जे गाणं लागेल ते ‘आजचं गाणं’ या ग्रुपवर टाकायचं. आलेलं गाणं बदलायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम. सोबत एक ओळ लिहायची. तेलुगू गाणं आलं की, ‘अर्थ माहीत नाही, पण घरात भांडण चालू आहे एवढं नक्की.’ बँड वाजला की, ‘ज्याची ही वरात, तो आता नातवाला शाळेत सोडतो.’

ग्रुपमध्ये कळंबला दिलेली, रंजिताला ‘बाई’ म्हणणारी धाकटी बहीण शीला होती, बसस्टँडच्या रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारी मैत्रीण फरहाना होती, नणंदा होत्या, ब्लाऊजची गिऱ्हाइकं होती. गाणं पडायला उशीर झाला तर फोन यायचे. रंजिताला ते आवडायचं. दिवसभर मान खाली घालून टिपा मारणाऱ्या बाईची कुणीतरी सकाळी वाट पाहतं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

२

दिवाळी होऊन थंडी पडली होती. लग्नाचे ब्लाऊज हातात होते. आदल्या दिवशी ग्रुपवर टाकलेलं एक जुनं युगुलगीत तिला पुन्हा ऐकावंसं वाटलं, म्हणून कानात इअरफोनची वायर घालून तिनं ते लावलं.

सुरुवातीचं वाजवणं झालं. आता बाई गाणार, ती जागा आली आणि रिकामीच गेली. तबला ठेका धरून राहिला. मग पुरुषाची जागा आली, तीही तशीच गेली. सगळं गाणं संपलं, वाद्यं अगदी स्वच्छ वाजली, गाणारं कुणी नव्हतं.

दुपारी ती फरहानाच्या दुकानात गेली. फरहानाला हे नवीन नव्हतं. वायरच्या पिनेतला एक जोड तुटला की गाणाऱ्याचा आवाज जातो आणि नुसतं संगीत राहतं, असे फोन आपल्याकडे नेहमी येतात, असं तिनं सांगितलं आणि नवीन वायर दिली. नव्या वायरनंही आवाज आला नाही. मग फरहानानं वायर काढून फोन मोठ्यानं लावला आणि स्वतः गुणगुणायला लागली.

“मस्त तर लागून राह्यलं. काय झालं याले?”

रंजिता ऐकत होती. तिला फक्त तबला, सतार आणि फरहानाचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

तिथंच तिनं बाकीची गाणी लावून पाहिली. ती सगळी ठीक होती. मग तिच्या लक्षात आलं की जी गाणी अलीकडे ग्रुपवर गेली होती तेवढ्यांतलेच आवाज गेले होते. ज्यांना पाठवली त्यांच्याकडे ती पूर्ण होती. फरहानाच्या फोनवरसुद्धा पूर्ण होती, असं फरहाना म्हणाली. रंजितानं तो फोन कानाला लावला तर तिथंही गाणारं कुणी नव्हतं.

प्रेम तिला वणीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तपासणी झाली. कानात काही दोष नव्हता.

३

दुसरी एखादी असती तर तिनं ती गाणी पुन्हा लावली नसती. रंजिता पडली हट्टी. शिवता शिवता ती तीच गाणी लावत राहिली, कुठंतरी एखादा शब्द सुटून राहिला असेल म्हणून.

आवाज सापडला नाही. पण जिथून आवाज गेला होता तिथं काहीतरी होतं. एखाद्या भिंतीवरचं मोठं कॅलेंडर काढल्यावर मागची भिंत दिसावी, तसं गाण्यामागचं ऐकू यायला लागलं. लांबची बोअरची मोटर. चिमण्या. पत्र्याच्या डब्यात कात्री ठेवल्याचा आवाज. आणि एक ठरावीक, टक, टक, टक.

हा आवाज तिला चांगला माहीत होता. तिच्या मशीनच्या पट्ट्याला जोड होता आणि चाकावरून तो जोड गेला की टक व्हायचं. आपलीच मशीन वायरीतून ऐकू येते, असं समजून तिनं पाय थांबवला.

कानातलं टक, टक चालूच होतं.

तिनं वायर काढली. खोली शांत. वायर घातली, आणि मशीन चालू. तिनं कव्वाली लावली, मग भजन, मग ते तेलुगू भांडण. कुठली गाणी, कोणत्या साली, कोणत्या शहरात बसून कुणी म्हटलेली! सगळ्यांच्या मागं एकच खोली होती, आणि ती हीच होती.

संध्याकाळी तिनं प्रेमला सांगितलं. त्यानं शांतपणे वायर कानात घालून दोन गाणी ऐकली. त्याला गाणीच ऐकू आली. बायकोची थट्टा करावी असा तो माणूस नव्हता. त्यानं एवढंच विचारलं की दिवसभर तो टकटक आवाज कानावर पडल्यानं मागाहूनही तोच ऐकू येत असेल का. बोलणं पटण्यासारखं होतं. साउंडचं काम करताना त्याच्याही कानात घरी आल्यावर ढोल वाजत राहायचा. रविवारी त्यानं जुना पट्टा काढून नवा बिनजोडाचा घातला. मशीन लोण्यासारखी चालायला लागली.

गाण्यामागची मशीन मात्र टक, टक करतच राहिली.

४

अस्तराचं कापड घ्यायला ती बसनं वणीला गेली तेव्हा फोन सोबत होता. बसमध्ये गर्दी होती, मागं एक बाई मोठमोठ्यानं बोलत होती. रंजितानं कानात वायर घातली आणि एक भजन लावलं. टाळ, मृदंग, आणि त्यांच्या मागं मुकुटबनची तिची खोली. मशीन चालू होती.

आता ती कारागिराच्या कानानं ऐकायला लागली. कुणीतरी एक लांब सरळ टीप मारत होतं. कोपरा आला की थांबायचं, कापड फिरवायचं, पुन्हा सुरू करायचं. नवशिकी बाई जशी थांबते तसं ते थांबणं होतं, जरा जास्त वेळ. मात्र परवापेक्षा आज हात सुधारला होता. हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं कानातली वायर काढली.

घरी येऊन तिनं मागच्या खोलीचं कुलूप काढलं. मशीनवर ती सकाळी जशी ठेवून गेली होती तशी फरहानाच्या जावेच्या ब्लाऊजची पाठ होती. तिनं ती उजेडात धरली. कापडावर सुईच्या भोकांची एक ओळ होती. सरळ जाऊन कोपऱ्यात वळलेली, पुन्हा सरळ गेलेली. दोरा कुठंच नव्हता.

बॉबीन संपलेली असताना, दोरा तुटलेला असताना आपणही कधी अशी रिकामी टीप मारतो, हे तिनं स्वतःला सांगितलं. तसं व्हायचंही. तिनं पाठ बाजूला ठेवली आणि नवं कापड बेतलं.

पण त्या दिवसापासून तिनं ग्रुपवर गाणं टाकणं बंद केलं. लग्नाची कामं आहेत, काही दिवस गाणं नाही, असं लिहून टाकलं. खरं कारण वेगळं होतं. त्या हार्ड डिस्कमध्ये मानीबाईचा आवाज होता.

मानीबाई म्हणजे रंजिताची आणि शीलाची आई, त्यांची याडी. शीलाच्या लग्नात निरोपाच्या वेळी मानीबाईनं पोरीच्या गळ्यात पडून ढावलो म्हटला होता, तांड्यातल्या सगळ्या बाया म्हणतात तसा, रडत रडत, सुरात. प्रेमचा माईक चालू राहिला होता, म्हणून ते रेकॉर्ड झालं. पुढे मानीबाई वारली. तिचा दुसरा कुठला आवाज कुणाजवळच नव्हता. शफलनं आजवर ते काढलं नव्हतं, पण कधी ना कधी काढलं असतंच.

त्या दुपारी रंजितानं ते एकदाच लावून पाहिलं. याडी होती. श्वास अडकत होता, नाक ओढत होती, मागं एक शेळी ओरडत होती, आणि याडी म्हणत होती. रंजितानं शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि फोन बंद करून डब्यात ठेवला.

५

मानीबाईच्या वर्षश्राद्धाचा दिवस आला. शीलाकडे त्याच गाण्यांची नक्कल होती, रंजितानंच ती करून दिली होती. कळंबला सकाळी चिंतामणीचं दर्शन घेऊन आल्यावर शीलानं ग्रुपवर लिहिलं, ‘बाईनं बंद केलं म्हणून आज माझ्याकडून,’ आणि खाली याडीचा ढावलो टाकला. तिच्या मनात वाईट काही असायचं कारणच नव्हतं. खाली भराभर रडणारे चेहरे यायला लागले.

रंजिता अंगणात कपडे वाळत घालत होती. प्रेम ड्युटीवर गेला होता. ऊन अंगणभर पडलं होतं. तिनं शीलानं टाकलेलं उघडलं नाही. तिनं स्वतःजवळचं लावलं.

शेळी ओरडली. बायांचं नाक ओढणं ऐकू आलं. शीलाचे हुंदके ऐकू आले. ज्या पोरीच्या गळ्यात पडून याडी रडत होती ती पोरगी एकटीच रडत होती.

रंजिता तशीच उभी राहिली. मग गाण्यामागची मशीन सुरू झाली. आजवर कधी आली नव्हती इतकी जवळून, आणि कोपऱ्यावर आता अजिबात न थांबता. तिला ते ऐकवेना. तिनं गाणं थांबवलं.

मशीन थांबली नाही.

टक, टक, टक. आवाज अंगणापलीकडून येत होता, मागच्या खोलीच्या बंद दारातून. तिनं फोनवर गाणं पुन्हा चालू केलं. मशीन फोनमध्ये आली आणि खोली गप्प झाली. गाणं थांबवलं. मशीन खोलीत गेली. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. दर वेळी तिला वाटायचं की आता होणार नाही, आणि दर वेळी ते व्हायचं. प्रेमनं पट्टा बदलला होता, आता त्या मशीनला टक व्हायला जोडच नव्हता, हे तिला आठवत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मग गाणं थांबवलेलं ठेवून ती दारापाशी गेली. दोन फळ्यांमध्ये फट होती. खिडकीतून आत ऊन आलं होतं. चाक फिरत होतं. पायडल वर-खाली होत होतं. सुईखालून एक पिवळं कापड सरकत होतं. स्टूल इथून दिसत नव्हतं. कापडाचा पुढचा भाग मात्र दिसत होता. कोरं, खळीनं फुगलेलं ते कापड एका जागी खाली दबलेलं होतं, तळहात ठेवून धरावं तसं. कापड पुढे गेलं की ती दबलेली जागा थोडी मागं यायची.

याडी असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो लगेच टाकून दिला. याडी जन्मात मशीनवर बसली नव्हती. कापडावर आरसे टाकण्याचं काम ती हातानं करायची. सुई बोट खाईल म्हणून मशीनजवळ उभी राहायचीसुद्धा नाही. आत कुणीही असो, ती याडी नव्हती.

रंजितानं गाणं चालू केलं. फटीतून पाहिलं तर कापड सपाट पडलं होतं.

६

प्रेमनं हेही ऐकून घेतलं. त्यानं खोली उघडली, स्टुलावर बसला, एक वाकडीतिकडी टीप मारून दाखवली. तो होता तोवर काही झालं नाही. फोन बंद ठेवून दोघं अंगणात बसून राहिले, तरी झालं नाही. पिवळं कापड त्यानं उन्हात धरून पाहिलं आणि घडी करून ठेवलं. ही भोकं कशाची, असं त्यानं विचारलं नाही. बाहेर आल्यावर दाराची कडी मात्र त्यानंच लावली.

रंजितानं काम पुढच्या खोलीत आणलं. हुक लावणं, कडा दुमडून हेम घालणं, काज करणं, हातानं होईल तेवढं ती करायची. शिलाईचं काम गावातल्या दुसऱ्या बाईला देऊ लागली. घरात एकटी असली की फोनवर गाणी चालूच ठेवायची, बारीक आवाजात, एकामागून एक. जी ग्रुपवर कधी गेली नाहीत तीच. त्यांच्यात गाणारी माणसं होती आणि त्यांच्या आवाजामागं दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ग्रुपवर आता शीला रोज गाणं टाकायची. तीही एक ओळ लिहायची, आणि लोक म्हणायचे की धाकटीही कमी नाही. असे बरेच दिवस गेले. चार्जरला लावलेला फोन गरम व्हायचा, प्रेम म्हणायचा की एक दिवस फुटेल हा, आणि तेवढंच.

एका दुपारी ती दाराशी हेम घालत बसली होती. अंगणात कोंबड्या दाणे वेचत होत्या. फोनवर कुणीतरी लेंगी म्हणत होतं. तेवढ्यात शीलाचा फोन आला आणि गाणं थांबलं.

रंजितानं तो उचलला. शीलाला नणंदेच्या लग्नाच्या ब्लाऊजबद्दल विचारायचं होतं. गळा किती खोल, बाही किती लांब, अस्तर लागेल की नाही. रंजिता उत्तरं देत होती आणि अंगणापलीकडे पाहत होती. मशीन सुरू झाली होती. फोन लवकर ठेवावा, म्हणजे गाणं आपोआप लागेल, या विचारानं तिनं बोलणं आवरतं घेतलं.

शीला मध्येच थांबली.

“बाई, तुह्या घरी कोन गाऊन राह्यलं?”

कुणी नाही, मी एकटीच आहे, असं रंजितानं सांगितलं.

“मी आयकून राह्यली ना. ढावलो लावला व्हय तू?” पुढचं बोलली तेव्हा शीलाचा आवाज बदलला होता. “नाई, हे ते नोहे. हे तर आपल्याले झोपवाले म्हनत जाय, ते हाय. हे कधी रेकॉर्ड केलतं?”

ते कधीच रेकॉर्ड झालं नव्हतं. याडी ते म्हणायची तेव्हा त्यांच्या तांड्यात कुणाजवळ टेपसुद्धा नव्हता.

रंजिताला मशीनशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तिचा अंगठा लाल बटनावर होता.

“ठेवू नको,” शीला रडत म्हणाली. “बाई, तुह्या पाया पडते, ठेवू नको. जरा तिकडं धर फोन.”

लहानपणी शीला आजारी असली की अशीच बोलायची. रंजितानं अंगठा बाजूला घेतला. फोन कानापासून काढून तिनं अंगणाच्या दिशेनं धरला, आणि शीलाचं रडणं तिला लांबून, बारीक ऐकू येत राहिलं.

मशीन थांबली. स्टूल सरकलं.

तिनं फोन पुन्हा कानाला लावला.

“थांबली,” शीला कुजबुजली. तिला ऐकताना श्वाससुद्धा घ्यायचा नव्हता. मग ती एकदम हसली, रडता रडता. “तुह्यं नाव घेऊन राह्यली, बाई. रंजी म्हनून राह्यली, तशीच. ओ दे ना तिले.”

रंजी असं तिला एकच माणूस म्हणायचं. आत आहे ती याडी नाही, हे रंजिताला पक्कं ठाऊक होतं. तरी ते नाव शीलाच्या तोंडून कानावर पडलं आणि तिच्या छातीतून उत्तर आपसूक वर आलं. तिनं ओ दिली.

“अवं, दे ना ओ. कवाची बोलावून राह्यली.”

रंजितानं पुन्हा ओ दिली, या वेळी मोठ्यानं. पायाशी आलेल्या कोंबड्या दचकून बाजूला पळाल्या. अंगणापलीकडच्या दाराची बाहेरून लावलेली कडी हळू हलली.

“बाई?” शीला म्हणाली. “काहून बोलून नाई राह्यली? बाई, तू हाय ना तिथं?”